शीर दिसली म्हणून तंबूत जाऊ नका



आरोग्य पानाकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांच्या आमच्याकडे दोन थप्प्या होतात. गुडघेदुखी, साखर, बाळाचा ताप अशा चिठ्ठ्यांवर नाव-गाव असते. दुसऱ्या थप्पीतल्या चिठ्ठ्यांवर नाव नसते. त्या चार घड्या घालून येतात आणि त्यातले अक्षरही घाईचे असते. त्यातला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो: "लघवीच्या जागेवर एक नस दिसायला लागली आहे. आधी नव्हती. हा काही रोग आहे का? लग्नाला अडचण येईल का?"

कोणी लिहितो, नस दोरीसारखी कडक लागते. कोणी लिहितो, बसस्टँडजवळच्या वैद्याने 'नसा कमजोर झाल्या' असे सांगून तीन महिन्यांचे औषध दिले, आता पैसे संपले. अशा चिठ्ठीला एका ओळीत उत्तर देऊन भागत नाही. म्हणून आज या पानावर हाच विषय घेतला आहे. घरातल्या बायकांनीही तो वाचावा, कारण नवऱ्याचे किंवा मुलाचे असले दुखणे बहुधा त्यांच्याच लक्षात आधी येते.

'नस' या शब्दाचा घोटाळा

आपण बोलताना दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो, तो म्हणजे नस. एक असते शीर. ती रक्ताची नळी, अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणारी. ती कातडीखाली निळसर-हिरवी दिसते. दुसरा असतो मज्जातंतू. तो मेंदूचा निरोप नेणारी बारीक तार असतो आणि कातडीवरून दिसत नाही. शिश्नावर जी 'नस' दिसते ती शीर असते.

तंबूतला वैद्य या घोटाळ्यावरच पोट भरतो. दिसणाऱ्या शिरेवर बोट ठेवून तो म्हणतो, "बघ, तुझ्या नसा ढिल्या पडल्या." शीर दिसण्याचा आणि ताकद कमी होण्याचा काहीही संबंध नाही. नगरच्या मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्या हमालाचे हात पाहा. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा उठलेल्या असतात. त्याला कोणी कमजोर म्हणत नाही.

शीर दिसणे बहुतेक वेळा साधे का असते

शिश्नाची कातडी शरीरातल्या सर्वांत पातळ कातड्यांपैकी आहे आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नसते. वरच्या बाजूला, मधोमध, कातडीच्या अगदी खाली एक शीर मुळापासून पुढे जाते. तिला आजूबाजूच्या छोट्या शिरा येऊन मिळतात. ताठरता येते तेव्हा आतल्या दोन लांब स्पंजासारख्या भागांत रक्त भरते. रक्त बाहेर नेणाऱ्या आतल्या शिरा दाबल्या जातात आणि वरच्या शिरा फुगून उठून दिसतात. ताठरता गेली की त्या बसतात. ही शरीराची रोजची रीत आहे.

मग जी आधी दिसत नव्हती ती आता का दिसते? बहुधा पुढीलपैकी एखादे कारण असते:

– वयात येताना अवयव वाढतो, रक्तपुरवठा वाढतो आणि शिरा ठळक होतात. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या बहुतेक चिठ्ठ्यांचे उत्तर एवढेच आहे.
– वजन उतरले की सगळ्या अंगावरच्या शिरा दिसू लागतात. पण कष्ट किंवा खाणे बदलले नसताना वजन उतरत असेल, सोबत खोकला, संध्याकाळचा ताप, फार तहान, वारंवार लघवी असे काही असेल, तर क्षयाची आणि साखरेची तपासणी करून घ्या. तिथे शिरेपेक्षा वजनाची काळजी मोठी आहे.
– उन्हाळा, गरम पाण्याची आंघोळ आणि जड काम यांनी शिरा फुगतात. थोड्या वेळाने बसतात.
– तिथले केस काढल्यावर जे आधी झाकलेले होते ते दिसते.
– आणि पुष्कळदा शीर जुनीच असते, नजर तिच्यावर नव्याने पडलेली असते. एकदा शंका आली की माणूस दिवसातून दहा वेळा पाहतो.

शीर मऊ आहे, दाबली की दबते, दुखत नाही, लाल नाही, लघवी नीट होते, ताठरता नेहमीसारखी येते, असे असेल तर औषधाची गरज नाही. हस्तमैथुनाने शिरा खराब होत नाहीत, अवयव वाकडा होत नाही, रक्त 'आटत' नाही. वीर्य गेले की ताकद गेली ही भीती आपल्या देशात इतकी खोल आहे की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिच्यापायी होणाऱ्या आजाराला 'धात सिंड्रोम' असे नावच दिले. त्यातली थकवा, धडधड, झोप न लागणे ही लक्षणे रुग्णाला खरीच जाणवतात. त्यांच्या मुळाशी चिंता असते, आणि चिंतेवर उपचार होतो.

जेव्हा ती नुसती शीर नसते

आता ज्या वेळी डॉक्टरला दाखवायलाच हवे, त्या गोष्टी पाहू.

*शिरेत रक्ताची गुठळी.* वरच्या बाजूची तीच मधली शीर अचानक कडक दोरीसारखी लागते. दाबली तर दबत नाही, दुखते, ताठरता आली की जास्त ओढ बसते. कधी वरची कातडी लालसर किंवा सुजलेली असते. याला मोंडोरचा आजार म्हणतात. हेन्री मोंडोर या फ्रेंच शल्यचिकित्सकाने छातीवरच्या शिरांतल्या अशाच आजाराचे वर्णन १९३९ मध्ये केले होते, त्यावरून हे नाव पडले. बहुधा फार वेळ किंवा फार जोराच्या संबंधानंतर एक-दोन दिवसांत हे दिसते. मार लागणे, अवयवाभोवती घट्ट कडे किंवा रबर लावणे, ताकदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पंपाचा वापर, हर्नियाचे किंवा त्या भागाचे दुसरे ऑपरेशन, जवळपासचा संसर्ग, हीही कारणे असतात.

नाव ऐकून भीती वाटते, पण हा आजार बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. डॉक्टर हाताने तपासूनच ओळखतात. शंका असेल तर रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करतात. दुखणे आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्या देतात आणि दोरी विरेपर्यंत संबंध व हस्तमैथुन बंद ठेवायला सांगतात. दुखणे आधी थांबते. दोरी पूर्ण विरायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. तोवर तेल लावून चोळू नका, शेकू नका, मालिश करू नका. हा आजार बायकोला लागत नाही आणि सहसा नपुंसकत्वही येत नाही. मात्र तो पुन्हा पुन्हा झाला, किंवा पायातल्या शिरेतही गुठळी झाली, तर रक्त गोठण्याचा काही दोष आहे का आणि ओटीपोटात दुसरा आजार आहे का, हे पाहावे लागते.

*बोंडामागची गांडुळासारखी गाठ.* बोंडाच्या मागे जी खाच असते तिथे कडेने फिरलेली, जाडसर, रबरासारखी, बहुधा न दुखणारी वळी येते. ती शीर नसते. रक्तवाहिन्यांशिवाय शरीरात पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यातली एक तुंबून सुजलेली असते. हीही जोराच्या संबंधानंतर येते आणि काही आठवड्यांच्या विश्रांतीने जाते. कधीकधी तिच्यासोबत लैंगिक संसर्ग असतो, म्हणून एकदा तपासून घ्यावे.

*आतली कडक चकती आणि वाक.* शीर वाटते पण हाताला आत घट्ट चकती लागते, ताठरतेत अवयव एका बाजूला वाकतो, दुखतो. याला पेरोनीचा आजार म्हणतात. चाळिशीनंतर तो जास्त दिसतो, साखरेच्या रुग्णांत विशेष. लवकर दाखवले तर उपचाराला वाव राहतो.

*लैंगिक संसर्ग.* शिरेसोबत फोड, न दुखणारा व्रण, पू, लघवीला जळजळ, जांघेत गाठ असेल तर मामला संसर्गाचा आहे. त्यावर नेमके औषध आहे. नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायला हवा. एकट्याने घेतला तर संसर्ग पुन्हा फिरून येतो. आणि बायकोकडे बोट दाखवून घरात भांडण करण्याआधी दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावे.

*अंडकोषातल्या शिरा फुगणे.* पुष्कळ जण यालाही 'तिथली नस' म्हणतात, पण ही जागा वेगळी आहे. उभे राहिल्यावर अंडकोषात, बहुधा डाव्या बाजूला, गांडुळांची पुरचुंडी असावी तसे लागते आणि जड वाटते. आडवे झाले की ते बसते. याला व्हेरिकोसील म्हणतात. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना ते असते आणि अनेकांना त्याचा काही त्रास होत नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. फुगवटा अचानक आला, फक्त उजवीकडे आहे, किंवा आडवे झाल्यावरही बसत नाही, तर पोटाची सोनोग्राफी करावी लागते, कारण मूत्रपिंडाजवळ गाठ आहे का ते पाहायचे असते. दुसरी गोष्ट मुलाबाळांची. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांपैकी शंभरात ३५ ते ४० जणांत व्हेरिकोसील सापडते. आपल्या वस्त्यांत अजूनही मूल झाले नाही की आधी सुनेला देवरशाकडे, मग डॉक्टरकडे नेतात. नवऱ्याची वीर्यतपासणी साधी, स्वस्त आणि न दुखणारी आहे. ती आधी करा.

*हर्निया.* जांघेत खोकताना किंवा ओझे उचलताना फुगवटा येतो आणि आडवे झाल्यावर आत जातो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला जाणारे आपले भाऊ मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. उचल घेतलेली असते, म्हणून पट्टा पडेपर्यंत दुखणे अंगावर काढतात. हर्निया फडतरात आवळून बांधला म्हणून बरा होत नाही. त्याला ऑपरेशनच लागते, आणि ते सरकारी रुग्णालयात होते.

या वेळी रात्र असली तरी निघा

पुढीलपैकी काही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात पोहोचा:

– ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकून राहिली आणि दुखते आहे. ताकदीच्या गोळीने किंवा इंजेक्शनने असे होऊ शकते. सिकलसेलच्या रुग्णालाही असे होते. विदर्भातल्या आपल्या बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेल बरेच आढळते, तेव्हा तिकडचे नातेसंबंध असलेल्या घरांनी त्याची तपासणी करून घ्यावी.
– संबंधाच्या वेळी 'कट' असा आवाज आला, ताठरता लगेच गेली, अवयव सुजून काळा-निळा पडला.
– पुढची कातडी मागे गेली आणि परत पुढे येत नाही, बोंड सुजले.
– एका वृषणात अचानक भयंकर कळ आली, उलटी झाली. मुलांत आणि तरुणांत वृषणाला पीळ पडतो, आणि सहा तासांच्या आत ऑपरेशन झाले तर वृषण वाचण्याची शक्यता जास्त असते.
– हर्नियाचा फुगवटा आत जाईना, दुखतो, उलट्या होतात.
– लघवी पूर्ण बंद झाली.

तंबू, भिंतीवरची जाहिरात आणि कायदा

गुप्तरोगाच्या नावाने भिंती रंगवणाऱ्यांचा धंदा आपल्या लाजेवर चालतो. माणूस एकटा येतो, कोणाला सांगत नाही, फसला तरी तक्रार करत नाही. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे ती जाहिरात भिंतीवर आहे हेच तो माणूस कायदा मोडतो याचा पुरावा आहे.

पैसे जातातच, पण शरीरही जाते. अशा काही भस्मांत पारा आणि शिसे सापडलेले आहे, त्याने मूत्रपिंड बिघडते. काही 'जडीबुटीच्या' पुड्यांत विलायती ताठरतेची गोळी कुटून घातलेली असते. छातीत दुखते म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसाने ती पुडी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. तिसरे नुकसान वेळेचे. ताठरता कमी होणे हे कधीकधी साखर, रक्तदाब किंवा हृदयाच्या आजाराचे पहिले लक्षण असते. तंबूत त्याला 'नसांची कमजोरी' म्हणतात, आणि साखर तोवर वाढत राहते.

या प्रश्नांची उत्तरे द्यावीत म्हणून बाबासाहेब कोर्टात उभे राहिले

असला विषय आपल्या अंकात कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यात वाचक शरीराबद्दलचे प्रश्न विचारत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. १९३४ मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुनाबद्दलचे प्रश्नही त्यात होते. मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते लिखाण अश्लील ठरत नाही, आणि लोक अडचण विचारतात तर त्यांना ज्ञान मिळायला हवे, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या प्रश्नांना लोक आज चार घड्या घालतात, त्याच प्रश्नांसाठी बाबासाहेबांनी वकिलीचा झगा चढवला होता.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो मांडला स्वतंत्र मजूर पक्षाचे, नगर जिल्ह्यातून निवडून आलेले आमदार पी. जे. रोहम यांनी, आणि त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. पण नवरा-बायकोच्या शरीराचा प्रश्न भर सभागृहात बोलण्याचे धाडस नगरच्या माणसाने तेव्हा केले होते. मग आज आपण डॉक्टरच्या खोलीतही का गप्प बसावे?

कुठे जायचे, काय सांगायचे

पहिल्यांदा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. तिथून गरज असेल तर नगरच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात. लोणीचे प्रवरा रुग्णालय आणि विळद घाटातले विखे पाटील रुग्णालय ही मेडिकल कॉलेजची रुग्णालयेही जिल्ह्यात आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. मोठे ऑपरेशन निघाले तर ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा.

लैंगिक संसर्गाची शंका असेल तर सरकारी रुग्णालयातले 'सुरक्षा क्लिनिक' विचारा. तिथे सल्ला, तपासणी, औषध मोफत मिळते. जायची हिंमत होत नसेल तर आधी १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करून बोला. एचआयव्हीची चाचणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही आणि निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे.

केसपेपर काढताना खिडकीवर सगळे सांगायची गरज नाही. "लघवीच्या जागेचा त्रास आहे, पुरुष डॉक्टरांना दाखवायचे आहे," एवढे पुरे. डॉक्टरसमोर मात्र पाच गोष्टी न लपवता सांगा: किती दिवसांपासून दिसते, दुखते का, मऊ आहे की कडक, त्याआधी संबंध, मार, ओझे, ऑपरेशन असे काही झाले का, आणि तंबूतले किंवा दुकानातले कोणते औषध घेतले. शेवटची गोष्ट लोक हमखास लपवतात, आणि डॉक्टरला तीच सर्वांत जास्त हवी असते. उरलेली पुडी असेल तर सोबत न्या.

घरातल्यांसाठी

आई-वडिलांनो, वयात आलेला मुलगा न्हाणीघरात जास्त वेळ घेतो, जेवत नाही, मोबाइलवर कसल्या तेलाच्या जाहिराती पाहतो, असे दिसले तर रागावू नका. आईला बोलणे जड जात असेल तर वडिलांनी, मामाने, थोरल्या भावाने बोलावे. "शिरा सगळ्यांना दिसतात, मलाही दिसत होत्या," हे एक वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडून आले तर पोराची कित्येक रात्रींची झोप परत येते. वस्तीतल्या आशाताईंनाही विचारता येते. विहारात रविवारी तरुण जमतात, तिथे वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना बोलावून मुलांशी वेगळे आणि मुलींशी वेगळे बोलणे ठेवावे. चिठ्ठ्यांसाठी एक डबा ठेवला तरी चालेल, नाव लिहायची अट नको.

आणि ज्याने ती चार घड्यांची चिठ्ठी पाठवली त्याला आमचे उत्तर: तुमची शीर मऊ असेल आणि दुखत नसेल तर ती तुमच्या हातावरच्या शिरेइतकीच साधी आहे. लग्नाला काहीच अडचण नाही. ती दोरीसारखी कडक असेल, दुखत असेल, तर याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात दाखवा, बहुतेक बरे व्हाल. तीन महिन्यांचे औषध दिलेल्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. आणि पुढच्या चिठ्ठीवर सही केलीत तर आम्हाला आनंद होईल. नाव आम्ही छापणार नाही.